पंचमीची बोट आणि चारशे पंपवाले

बोट सुटायला तीन आठवडे उरले होते, आणि त्याच बोटीवर पाण्याचे पंप विकणारे चारशे डीलर चढणार आहेत हे मला त्या दिवशी ऑफिसात कळलं. तेही कॉफी मशीनपाशी. आमचे बॉस खुराना सर खुशीत होते. "वंदनाजी, पानिपत-करनाल साइड का पूरा ग्रुप क्लोज हो गया. सिंगापूरवाला शिप. आपका फौजी ग्रुप भी उसी में है ना?"

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली.

मी नेहरू प्लेसच्या एका ट्रॅव्हल कंपनीत क्रूझ डेस्क बघते. लोकांना वाटतं आम्ही केबिन विकतो. खरं तर आम्ही शेजार विकतो. केबिन सगळीकडे सारखीच असते, गोल खिडकी आणि घट्ट खोचलेली चादर. बदलतात ती माणसं. नॉर्वेच्या बोटीवर निवृत्त जर्मन आणि इंग्रज असतात, हातात दुर्बीण, रात्री नऊला सगळं चिडीचूप. भूमध्य समुद्रात इटालियन आणि स्पॅनिश कुटुंबं, जेवायलाच साडेनऊला बसतात. अलास्काला अमेरिकन आजी-आजोबा नातवंडं घेऊन येतात. मुंबई-गोवा बोटीवर शनिवार-रविवारी गुडगावची लग्नाळू पोरं आणि त्यांचे मित्र. सिंगापूरची बोट म्हणजे खिचडी: चिनी कुटुंबं, ऑस्ट्रेलियन पेन्शनर, आणि आपल्याकडचे इन्सेंटिव्ह ग्रुप. इन्सेंटिव्ह ग्रुप म्हणजे कंपनीनं माल जास्त खपवल्याबद्दल डीलरांना दिलेली फुकट सहल. फुकट असल्यामुळे ती वसूल करायची असते. डीजे, बार, आणि पूलमध्ये चड्डीवर नाचणारे काका. वीस वर्षांत मी हेच बघत आले होते.

आणि माझा फौजी ग्रुप म्हणजे अकरा जोडपी. सातारा-सांगलीकडची, आयुष्य छावण्यांमधे काढलेली. पुरुषमंडळी निवृत्तीनंतर फरीदाबादच्या कारखान्यांत सिक्युरिटी सांभाळतात. त्यांचे पुढारी सुभेदार मेजर जगताप. बुकिंगला आले तेव्हा माझ्यासमोर ताठ बसले आणि म्हणाले, "मॅडम, अट एकच. नागपंचमी बोटीवर पडली पाहिजे, आणि बायकांना मोकळं खेळता आलं पाहिजे. पुरुष माणूस बघायला नको. आम्हीसुद्धा नाही."

मी दिल्लीतच वाढले. मला पंचमी म्हणजे पाटावर काढलेला नाग आणि आईची पुरणाची दिंडं, एवढंच माहीत. त्यांच्या शेजारी बसलेल्या हिराबाईंनी, म्हणजे मिसेस जगतापांनी, मला समजावलं.

"आमच्याकडं पंचमीला पोरी माहेरी येत्यात. झिम्मा, फुगडी, फेर. माझं लगीन झालं आन् मी ह्यांच्यासंगं कधी पठाणकोट, कधी जोधपूर. पंचमीचं माहेर काय घावलंच नाही. आता दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणाला, मग फुगडी विसरा. म्हणून त्याआधी एकदा खेळायची. मनासारखी."

"आणि बोटीवरच का?" मी विचारलं.

"माहेरात आता हाय कोण? आई गेली, घर भावाच्या सुनांचं. बोट बरी. तिथं सगळ्याच पाहुण्या."

मला ते इतकं आवडलं की मी लगेच शब्द देऊन टाकला. तो दिला नसता तर मी कॉफी शांतपणे प्यायले असते.

"सर, माझ्या ग्रुपची तारीख बदलता येईल?" मी खुरानांना विचारलं.

"पंचमी की डेट बदल सकती हैं आप?"

नव्हती बदलता येत. मी डीलरांच्या ग्रुपची शीट मागवली. नावं यायची होती, फक्त केबिनींची संख्या होती. दोनशे केबिन, प्रत्येकीपुढे TWN. आमच्या धंद्यात नवरा-बायकोला DBL लिहितात, म्हणजे एक मोठा पलंग. TWN म्हणजे दोन वेगळे पलंग, म्हणजे दोन पुरुष डीलर एका खोलीत. शीट वाचून झाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चारशे काका पूलमध्ये उतरले होते.

मग मी कामाला लागले. बोटीवर ग्रुपांची व्यवस्था बघायला एक कोऑर्डिनेटर असते. आमच्या बोटीची ग्रेस, मनिलाची, बोलायला गोड आणि नियमाला पक्की. तिला रोज मेल टाकून मी पाचव्या मजल्यावरची कार्ड रूम मिळवली. पत्ते खेळायची खोली, पडदे लावता येणारी, पंचमीच्या दिवशी दुपारी तीन ते पाच. तो 'सी डे' होता, म्हणजे बोट कुठल्याच बंदरात थांबत नाही आणि सगळे प्रवासी बोटीवरच असतात. याच गोष्टीची मला धास्ती होती. टूर मॅनेजर म्हणून मी स्वतः ग्रुपबरोबर गेले. खुराना जाताना म्हणाले, "कम्प्लेंट आई तो वापस वीजा डेस्क." वीजा डेस्क म्हणजे दिवसभर फोटोचं बॅकग्राउंड पांढरं आहे का ते बघणं.

पंचमीच्या दुपारी अकरा बायका नऊवारी नेसून कार्ड रूममध्ये गेल्या. जगतापांनी पहाऱ्याची जबाबदारी आपणहून घेतली. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाच-पाच निवृत्त जवान, मधे स्वतः सुभेदार मेजर, हात पाठीमागे. एक ऑस्ट्रेलियन आजोबा लायब्ररी शोधत आले, हे दृश्य पाहून सॉरी म्हणत परत गेले.

आतून टाळ्यांचा आवाज सुरू झाला. मला फार बरं वाटलं. दहा मिनिटं.

मग लिफ्ट उघडली आणि बायका बाहेर पडल्या. चाळीस तरी असतील. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातांवर ताजी मेंदी. पुढे एक उंच, खणखणीत आवाजाची बाई. पाच जवानांसमोर ती अजिबात थांबली नाही. सीमेवर राहिलेली माणसं, पण त्यांनी वाट दिली.

"बहनजी, अंदर गीत हो रहे हैं? हमारी तीज तो एयरपोर्ट की लाइन में निकल गई."

"आप किस ग्रुप से हैं?" मी विचारलं.

"पंपवाले. मैं कमलेश, पानिपत से."

"पर वो तो सारे… जेंट्स हैं ना? ट्विन रूम."

"जेंट्स सब ताश खेल रे हैं. कंपनी ने इस बार कहा, घरवाली को भी लाओ. तो हमने कहा, ठीक है, पर कमरे में हम औरतें साथ रहेंगी, आदमी आदमी साथ. चार दिन तो चैन से सोएँ."

दोनशे केबिन, त्यातल्या निम्म्या बायकांच्या, आणि मी तीन आठवडे चड्डीतल्या काकांची काळजी करत होते. शेवटची यादी नावांसकट मेलवर आलेली होती. मी ती उघडलीच नव्हती. मला सगळं आधीच माहीत होतं ना.

हरियाणात तीज म्हणजे आपली पंचमीच. दोन दिवस आधी येते एवढंच. लेकी माहेरी जातात, झोके घेतात, किंवा मग भाऊ सासरी कोथली घेऊन येतो. कोथली म्हणजे माहेरचा खाऊ. कमलेशचा भाऊ कोथली घेऊन आला तेव्हा ती टॅक्सीत बसत होती. घेवर या जाळीदार मिठाईचा तो डबा तिनं तसाच बॅगेत घातला होता, आणि आत्ता तो तिच्या हातात होता.

तरी शब्द म्हणजे शब्द. मी आत जाऊन हिराबाईंना विचारलं. बाहेर चाळीस बायका आहेत, आपल्या नाहीत, घेऊ का आत?

हिराबाईंना धाप लागली होती. "त्यांचं बी माहेर हुकलं का?"

"हो."

"मग इचारतीस काय? दार उघड."

दार उघडलं आणि कार्ड रूम भरली. फुगडीला जागाच उरली नाही. आवाज ऐकून ग्रेस धावत आली. मला वाटलं, आता नियम निघणार. तिनं खोलीकडे पाहिलं, माणसं मोजली आणि म्हणाली, "इथं वीसच माणसांना परवानगी आहे. वर मागच्या डेकवर सावली आहे. ऑस्ट्रेलियन लोक बिंगोला गेलेत, पंपवाले पत्त्यांना. चला वर."

"डेक उघडा आहे, हिराबाई," मी म्हणाले. "कुणीही बघेल."

हिराबाईंनी पदर कमरेला खोचला. "ह्या वयात मला कोण बघतंय? आन् बघितलं तर बघू दे."

वर सिंगापूरच्या पाच-सहा चिनी आज्या हातांचे व्यायाम करत होत्या. झिम्म्याच्या टाळ्या त्यांनी दोन मिनिटांत उचलल्या. व्यायामाला त्यांना साथ मिळाली आणि आम्हाला कडं पुरं करायला माणसं. पानिपतच्या बायकांनी आपली गाणी धरली, आमच्यांनी आपली, आणि ताल कुठे तरी जुळला. बिंगो सोडून आलेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईला कुणीतरी फुगडीत ओढलं. ती थांबायलाच तयार होईना. घेवरचे तुकडे हातोहात फिरत होते. मी गेल्या कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

मग कडं मोकळं झालं आणि हिराबाई मधे आल्या. त्यांच्यासमोर कमलेश उभी राहिली. गुडघ्यांचं तिला वर येतानाच कळलं होतं. तिनं हिराबाईंची मनगटं पकडली, पाय जुळवले आणि म्हणाली, "माई, वजन मेरे पे डाल दो. घुटने की फिकर मत करो."

पहिली गिरकी सावकाश झाली. दुसरी जरा जोरात. मग दोघी सुटल्या. हिराबाईंचा अंबाडा सुटला, मान मागे गेली, आणि त्या मोठमोठ्यानं हसत होत्या. सोळा वर्षांच्या पोरीनं हसावं तसं.

मी वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या कठड्याशी सुभेदार मेजर जगताप उभे होते. मी जिना चढून त्यांच्यापाशी गेले.

"साहेब, अट तुमचीच होती. पुरुषांनी बघायचं नाही."

"मी ड्युटीवर आहे, मॅडम. बघत नाहीये." त्यांची नजर काही हलली नाही. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. पंचमीला मी बहुतेक वेळा घरी नसायचो, आणि घरी असलो तर ती खेळायला जायची नाही. ही अशी हसते, हे मला माहीतच नव्हतं."

त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मी समुद्राकडे बघत राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

दिल्लीला परतल्यावर खुरानांनी विचारलं, "कम्प्लेंट कितनी?"

"एक. पंपवाल्यांच्या मिसेस म्हणतात, अगली बार जेंट्स को घर पे छोड़ के जाएँगे."

वीजा डेस्क टळला. दिवाळीनंतर हिराबाईंचं ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "वंदनाताई, डॉक्टरला इचारलं. फुगडी नाही, पण झिम्मा चालंल म्हणाला. कमलेशचा बी फोन आला हुता. पुढल्या पंचमीची बोट बघ." मागून जगतापांचा आवाज आला, की या वेळी पहारा नको, खुर्ची हवी.

बोट बघितली. दोन्ही ग्रुपच्या याद्या मागवल्या आणि या वेळी पहिल्या दिवशीच एकेक नाव वाचून काढलं. वीस वर्षं ज्या प्रवाशांना मी ओळखते असं मला वाटत होतं, त्यांची नावं मी वाचतच नव्हते.