चौदा अक्रोड

प्रेककाका पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नसत, बापाचं विचारत. २००३ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आमच्या घराचं कुंपण रंगवत होतो. पलीकडच्या बागेतून पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ आले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तुझा बाप कोण?" मी सांगितलं. "त्याचा बाप?" तेही सांगितलं. "त्याचा?" मी अडकलो.

"दोनच?" ते खरोखर हळहळले. "तुमच्या घरावर फार वाईट दिवस आले होते का?"

मागे मीनल, माझी बायको, हसून हसून खाली बसली. "गॅसचं मीटर दर पहिल्या तारखेला वहीत लिहितोस आणि पणजोबांचं नाव माहीत नाही!"

आमच्या घरात ते लगेच काका झाले. ते उत्तर अल्बानियातल्या डोंगरातले. दगडी घर, एक चूल, एका छपराखाली सत्तावीस माणसं. हा आकडा मी दोनदा विचारून पक्का करून घेतला होता. आता त्या घरात कोणी नव्हतं. बायको गेल्यावर मुलगा ग्योन त्यांना इकडे घेऊन आला. ग्योन प्लास्टरिंगची कामं करायचा. काकांना मिळालेली बॉक्स रूम, म्हणजे अडगळीची खोली, साडेसहा फूट रुंद होती. गावाहून त्यांनी एका पिशवीत चौदा अक्रोड आणले होते, दारातल्या झाडाचे. ते झाड त्यांच्या पाचव्या बापाने लावलेलं.

रविवारी दुपारी पाहुणा आला की ते अक्रोड टेबलावर मांडत. एक अक्रोड, एक बाप. "प्रेकचा बाप ग्योन, ग्योनचा मार्क, मार्कचा न्दोक..." असं चौदाव्यापर्यंत. मुलाला त्यांनी आपल्या बापाचंच नाव दिलं होतं. डोळे मिटलेले, आवाज सपाट, कवितेसारखा अजिबात नाही. एकदा मी घड्याळ लावलं. बेचाळीस सेकंद. पुढेही प्रत्येक वेळी बेचाळीसच.

एका रविवारी मी वही घेऊन गेलो. त्यांनी वहीवर पंजा ठेवला.

"नाही. आमच्या पाद्रीकडे मोठं पुस्तक होतं. सगळे बाप त्यात होते. देवधर्म बंद करणाऱ्या सरकारची माणसं आली, चर्चसमोर जाळलं. माझा चुलता तोंडाने सांगत राहिला, म्हणून आम्ही राहिलो. कागद सापडतो. तोंड कुठे सापडतं?"

"पण काका, इथे कोण जाळणार आहे?"

"तिथेही कोणी जाळेल असं वाटलं नव्हतं. बेसा दे."

बेसा म्हणजे दिलेला शब्द. त्यांच्याकडे तो मोडणाऱ्याच्या घरी कोणी कॉफी पीत नाही. मी हातात हात दिला. कुठेही लिहिणार नाही.

ही नावं सोपवायला ते नातवाची वाट पाहत होते. घरात होती ती नात, लीना, आमच्या मुलीच्या वर्गातली. "मला शिकवा ना," ती म्हणायची. काका तिचा गालगुच्चा घ्यायचे. "तू दुसऱ्या घरी जाशील. तिथे तुझ्या नवऱ्याचे बाप असतील."

"बाबा, हे इंग्लंड आहे," ग्योन म्हणायचा.

"म्हणूनच तर."

सुनेला दुसरं मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्यांना सांगायचं धाडस कोणाला झालं नाही. मलाही नाही. काका वाट पाहत राहिले आणि लीना कॉफीचा ट्रे आणत-नेत राहिली.

चार वर्षांनी, फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला. दोन आठवड्यांनी थोडं बोलणं परत आलं. ग्योनने हॉस्पिटलच्या टेबलावर अक्रोड मांडले. काकांनी डाव्या हाताने पहिला सरकवला, दुसरा, तिसरा. हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिसऱ्यावर थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लिहिलंस?"

मी मीटर लिहितो, पाऊस लिहितो, गाडीत किती लिटर पेट्रोल भरलं तेही लिहितो.

"नाही, काका. शब्द दिला होता."

त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात शोधला आणि दाबला. "चांगला माणूस," ते म्हणाले आणि रडायला लागले. एवढा चांगला कशाला झालास, असं ते म्हणाले नाहीत. ते मीच म्हणत आलो आहे.

ग्योनला सात नावं येत होती. बाकीची त्याने घेतलीच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तो डोंगर चालून ग्रीसला गेला होता. "बाबा, तेव्हा मला पाव हवा होता," तो पलंगाशी बसून म्हणाला. तोंडाने नावं सांगत राहिलेला काकांचा तो चुलता कधीच गेला होता, आणि गावातली जी माणसं जिवंत होती ती पाच देशांत विखुरली होती. मला तर एवढी वर्षं ऐकून चारदेखील सांगता येईनात. परकी नावं कानात राहिली नाहीत, सेकंद राहिले.

तेव्हा लीना टेबलाजवळ आली. ग्योनच्या सातानंतर तिने आठवा अक्रोड सरकवला आणि नाव घेतलं. नववा. दहावा. अकरावा.

"मी कॉफी घेऊन यायचे तेव्हा आठवा चालू असायचा," ती म्हणाली. "अकराव्यापर्यंत कप देऊन व्हायचे आणि रिकामा ट्रे घेऊन मला आत जावं लागायचं."

काकांनी बारावा अक्रोड उचलला. ओठ हलले, पण काही आलं नाही. तो अक्रोड त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

दफनानंतर ग्योनच्या घरी पुरुष भिंतीला टेकून बसले होते. सुतकातली बिनसाखरेची कॉफी फिरली. ती देणारी या वेळी दुसरी कोणीतरी होती, कारण लीना टेबलाशी उभी होती. तिने चौदा अक्रोड मांडले आणि त्यांच्याच सपाट आवाजात सुरुवात केली. अकरा झाले. बाराव्यावर बोट ठेवून ती गप्प उभी राहिली, मग तेराव्यावर, मग चौदाव्यावर. कोणी तिला थांबवलं नाही.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. अकरा नावांना तेहेतीस सेकंद लागतात. बेचाळीसमधले उरतात नऊ. तेवढा वेळ ती उभी होती.