सरावाचा पाहुणा

"मला काहीही चालतं."

गादीवाले हे वाक्य इतक्या वेळा म्हणत, की त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि गाव त्यांना चालतंकाका म्हणू लागलं. चहा की दूध? चालतं. सावलीत बसता की उन्हात? चालतं. लग्नाच्या बोलणीत मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. मुलगी दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं आणि संसारभर जपून ठेवलं.

त्यांचं दुकान म्हणजे मधल्या रस्त्यावरची एक लांबट खोली. कापूस उडून उडून तिच्या भिंतींना लव फुटली होती. गादीवाल्यांच्या भुवयांवर कापूस, कानात कापूस, चष्म्याच्या दांडीवर कापूस. उन्हाची तिरीप आत आली की तीसुद्धा मऊ वाटायची. गावातली एकूण एक गादी त्यांच्या हातून भरलेली. त्या गाद्यांवर माणसं जन्मली, आजारी पडली, रुसून भिंतीकडे तोंड करून झोपली. ज्याच्या हातांवर सगळं गाव पाठ टेकत होतं, त्याला मात्र कधी कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला कसं लागतं?

मग गावात पर्यटन आलं. म्हणजे पर्यटक आले नाहीत, नुसतं पर्यटन आलं. शहरातल्या एका संस्थेच्या ताई आल्या, नदीच्या वळणावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती सुंदर गाव आहे तुमचं!" आम्ही सगळ्यांनी माना वळवून नदीकडे पाहिलं. नदी खरंच सुंदर होती. आमचं लक्षच गेलं नव्हतं.

ताईंनी शाळेच्या वर्गात बसवून समजावलं. आपल्याच देशातली माणसं येतील, हॉटेलात नाही तर आपल्या घरात राहतील. कसं ठेवायचं ते गावाने ठरवायचं, राबायचं गावाने, आणि जे मिळेल तेही गावातच राहील. पाहुण्यावरही जबाबदारी असेल. त्याने नदी घाण करायची नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही आणि ज्या घरी उतरलाय त्या घरच्यांचीही विचारपूस करायची.

"पण त्याआधी सराव हवा," ताई म्हणाल्या. "तुमच्यातलंच कुणीतरी पाहुणा व्हा. घरोघरी राहा. काय चुकतं ते सांगा. महिना-दोन महिन्यांनी मी खरे पाहुणे घेऊन येते."

गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष लगेच उठले. "आपले चालतंकाका!"

वर्ग हसला, पण अध्यक्षांचा हिशोब पक्का होता. या माणसाला काहीही चालतं. तो कुणाच्या घरी नाक मुरडणार नाही. सगळं गाव पहिल्या नंबराने पास.

जाताना ताईंनी गादीवाल्यांना बाजूला घेतलं. "काका, तुम्ही भिडस्त आहात असं ऐकलं. पण इथे भीड उपयोगाची नाही. तुम्ही खरं बोलला नाहीत तर हे गाव खऱ्या पाहुण्यांसमोर तोंडावर पडेल. गावाची अब्रू आता तुमच्या जिभेवर आहे."

त्या जिभेवर आजवर कुणी काही ठेवलं नव्हतं. गादीवाले घरी गेले, पिशवीत दोन सदरे भरले आणि बायकोला म्हणाले, "मी पाहुणा होऊन येतो." ती भांडी घासत होती. तिला वाटलं, दुकानात चाललेत.

पहिला मुक्काम अध्यक्षांकडे होता. सकाळी अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "झोप लागली ना?" गादीवाल्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग डोळे घट्ट मिटून ते म्हणाले, "उशी फार कडक आहे."

अध्यक्ष दाढी करत होते, ते तसेच बाहेर आले. "काय म्हणालात?"

"उशी. दगड आहे नुसती."

"अहो, ती तुम्हीच भरलीय!"

"भरली असेल. तेव्हा मी पाहुणा नव्हतो."

अध्यक्षांच्या गालावर फेस वाळला. पण नियम म्हणजे नियम. उशी दुकानात धाडली गेली. आता झालं असं होतं, की पाहुण्याने गावातले उद्योगधंदे पाहावेत असं ताईंनी सांगितलं होतं. म्हणून गादीवाले रोज दुपारी स्वतःच्याच दुकानात गादीचा धंदा पाहायला जात, आणि तिथे दाखवायला कुणी नसल्यामुळे स्वतःच बसून काम करत. त्यांनी ती उशी उसवली, कापूस मोकळा केला, दाभणाने पुन्हा शिवली. रात्री त्याच उशीवर डोकं ठेवलं आणि सकाळी म्हणाले, "आता बरी आहे. माणूस हुशार दिसतो तुमचा."

तिथून गादीवाल्यांना सूर सापडला. एका घरी म्हणाले, खाट दाराच्या तोंडाशी नको. दुसऱ्या घरी म्हणाले, एक उशी पायाखालीही हवी. कोंबड्याचा आवाज कर्कश आहे म्हणाले, तर त्या कोंबड्याला नदीपलीकडे मालकिणीच्या बहिणीकडे पाठवून दिलं. एके ठिकाणी ते दारात टेकतात न टेकतात तोच घरातली सगळी विचारायला लागली, "प्रवास कसा झाला? दमलात का?" गादीवाले शेजारच्या गल्लीतून आले होते. पण त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आल्या आल्या बोलू नये. पाहुण्याला पाणी पिऊ द्यावं. त्याने सुस्कारा सोडला की मग बोलावं."

समितीने हे सगळं जसंच्या तसं गावाला लागू केलं. पाहुण्याला काय आवडतं ते आता कळलं होतं. गावातल्या सगळ्या खाटा सरकल्या. लोक एकमेकांचे सुस्कारे मोजू लागले.

आणि गादीवाले फुलले. त्यांची मान वर आली. रस्त्याने चालताना चार माणसं सोबत चालायची, ते कुठे थबकतात, कशाकडे बघून तोंड वाकडं करतात ते पाहत. ते नुसते "हं" म्हणाले तरी सायंकाळपर्यंत त्या "हं"वर चर्चा व्हायची.

मग एकदा शिक्षकांच्या घरी ओट्यावर जेवताना शिक्षकीणबाईंनी भाताच्या पातेल्याच्या बुडाची खरपूस खरवड कौतुकाने त्यांच्या पानात वाढली. गादीवाल्यांनी ती हलकेच बाजूला सारली. "ही मला आवडत नाही. कधीच आवडली नाही."

ही बातमी त्यांचं जेवण संपायच्या आत गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी पोचली. त्यांच्या बायकोच्या हातात तेव्हा नेमकं पातेलंच होतं. ती ते घेऊन तशीच शिक्षकांच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवडत नाही?"

गादीवाल्यांनी घास खाली ठेवला.

"लग्न झाल्यापासून रोज तुम्हाला खरवडून घालतेय. मला जीव की प्राण असते खरवड. नवऱ्याला आवडते म्हणून माझ्या तोंडचा घास काढून तुमच्या पानात टाकला. आणि तुम्ही इथे, परक्यांच्या ओट्यावर, पाय पसरून सांगताय, कधीच आवडली नाही? मला सांगायला काय जीभ झडली होती?"

"तू विचारलं नाहीस," गादीवाले हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही विचारलंत?"

ती गेली. त्या संध्याकाळी गादीवाल्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. यजमान घाबरले. पाहुणा आजारी तर नाही ना, म्हणून दोनदा येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी गादीवाल्यांची बायको समितीसमोर हजर. "माझं घरही यादीत घ्या. मलाही पाहुणा हवाय."

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, पाहुणा स्वतःच्या घरी राहू शकत नाही. नियम आहे. पाहुणा तो, जो घरापासून लांब असतो."

"मग हा माणूस माझ्यापासून किती लांब आहे ते मोजा आणि मला सांगा."

समितीत दोन तट पडले. एक म्हणे, घर त्यांचंच आहे. दुसरा म्हणे, ज्याने महिनाभर घरात पाऊल ठेवलं नाही त्याचं घर कसलं? शेवटी अध्यक्षांनी कपाळ पुसत निकाल दिला, की गादीवाले हे त्या घरापुरते परगावचे समजण्यात यावेत.

गादीवाले पिशवी घेऊन स्वतःच्या दारात उभे राहिले तेव्हा ऊन कलत होतं. गल्लीतल्या खिडक्या हळूच किलकिल्या झाल्या होत्या. बायकोने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीला टेकून गप्प उभी राहिली. ते पाणी प्यायले. सुस्कारा सोडायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

"या पाहुणे. कुठून आलात?"

"इथलाच," ते म्हणाले. मग चूक लक्षात येऊन म्हणाले, "लांबून."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको असते."

"कशी आहे?"

गादीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी विचारपूस केली नाही."

तिने पान वाढलं. भात, भाजी. खरवड पातेल्यातच राहू दिली. ते जेवले. सगळ्या गावाला ते सांगत सुटले होते, पण इथे त्यांना काही सांगवेना.

"बोला की. इथे काय कमी पडलं? खरं बोलायला आलात ना?"

"दाराची कडी वाजते. माठ उन्हात असतो. आणि घरच्या बाईला विचारायला हवं, तिला काय आवडतं, असं ताईंनी सांगितलं होतं. मी ते प्रत्येक घरी विसरलो. तर... तुम्हाला काय आवडतं, बाई?"

बाहेर खिडक्यांनी श्वास रोखले. ती खाली बसली. हात पदराला पुसले, ते कोरडेच होते.

"मला कुणाच्या तरी दारात जाऊन बसायचंय," ती म्हणाली. "उठायचं नाही. कुणीतरी पाणी आणून द्यायचं. मी बसून राहायचं आणि सांगायचं, उशी कडक आहे."

मग तिने पातेलं पुढे ओढलं आणि खरवड खाल्ली. कुरकुर असा आवाज येत होता. पाहुणा तो आवाज संपेपर्यंत पाटावरून उठला नाही.

थोड्याच दिवसांत ताई खरे पाहुणे घेऊन आल्या. गाडी पाराजवळ थांबली. गाव सरावाप्रमाणे दोन्ही बाजूंना उभं होतं, पाण्याचे तांबे हातात, आणि चिडीचूप. पाहुणे उतरले. कुणी बोलेना. सगळे त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होते, सुस्कारा कधी सुटतो म्हणून. एक बाई घाबरून ताईंना म्हणाली, "इथे कुणी गेलंय का?"

रात्री पाहुण्यांना पायाखाली उशा मिळाल्या. सकाळी एक टकले गृहस्थ म्हणाले, "मी खास कोंबड्याच्या आरवण्याने उठायला आलो होतो." यजमान म्हणाले, "त्याची बदली केलीय." जेवायला भात अर्धाकच्चा होता, कारण खरवड धरायच्या आत उतरवायचा असा ठराव होता. त्या घाबरलेल्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे ती बुडाची कुरकुरीत नाही का मिळत?" सगळ्या गावात ती एकाच घरी होती. गादीवाल्यांची बायको आणि त्या शहरातल्या बाई एकाच पातेल्यातून खरवडून खात बसल्या, आणि बाईंनी विचारून त्या पातेल्याचा फोटोसुद्धा काढला.

समितीची तातडीची सभा भरली. गादीवाल्यांना उभं केलं.

"तुम्ही आम्हाला बुडवलंत! पाहुण्याला कोंबडा नको म्हणालात, खरवड नको म्हणालात!"

"मला नको होतं," गादीवाले म्हणाले. "मला विचारलंत म्हणून सांगितलं. त्यांना आता त्यांचं विचारा."

ताई तोंडावर हात धरून हसत होत्या. अध्यक्ष नाही हसले. "आता खरे पाहुणे आलेत," ते म्हणाले. "सराव संपला. तुम्ही दुकानात बसा."

इतकं साधं होतं ते. गादीवाले दुकानात जाऊन बसले. रस्त्याने माणसं जात होती आणि कुणी आत डोकावत नव्हतं. एक बाई खोळ टाकून गेली. "कशी भरू?" त्यांनी विचारलं. "भरा कशीही," ती म्हणाली आणि थांबलीसुद्धा नाही. खोळ त्यांच्या मांडीवर तशीच पडून राहिली. कापूस त्यांच्या भुवयांवर उतरत होता, आणि आम्हाला वाटलं, आता हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा पांढरा होऊन जाणार.

तेवढ्यात टेकडीपलीकडच्या गावाचे दोघे दुकानात आले. त्यांच्याकडेही पर्यटन आलं होतं. त्यांना चांगला, परखड, अनुभवी पाहुणा हवा होता. "तुमचं फार नाव ऐकलंय, काका. उद्याच या."

गादीवाल्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी हातातलं दाभण खोळीत खोचून ठेवलं.

"मी पाहुणा म्हणून येत नाही," ते म्हणाले. "माझी बायको येईल. तिला विचारा. ती सांगेल तसं करा. मी पिशवी उचलायला येतो."

"पण बाईंना अनुभव आहे का?"

"कसलाच नाही. म्हणून तर."

सकाळी ती दोघं निघाली. बाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. हात रिकामे असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून त्या ते कधी पाठीमागे बांधत, कधी नुसते हलवत चालल्या होत्या. गादीवाले चार पावलं मागे होते, दोन्ही खांद्यांना पिशव्या. टेकडीच्या पायथ्याशी त्या थांबल्या, एका दगडाकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. गादीवाल्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, दगड आपल्या सदऱ्याने पुसला, आणि त्या त्यावर बसल्या. दमल्या नव्हत्या. नुसत्याच बसल्या. मग उठून चालू लागल्या.

अध्यक्षीणबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. आतून अध्यक्षांनी टॉवेल कुठे आहे म्हणून हाक मारली. मग दुसरी हाक मारली. दोघं टेकडीवर ठिपक्याएवढी झाली, वळली आणि दिसेनाशी झाली, तोवर बाई काही जागच्या हलल्या नाहीत.