मोटारीचं पाणी चाखणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई मोटारीचं पाणी चाखत असत. बघत असत नव्हे, चाखत असत. मोटारीच्या तोंडाशी इंजिनापुढे पाण्याची टाकी असते. तिचं झाकण फिरवायचं, आत बोट बुडवायचं, ते जिभेवर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि जीभ टाळूला लावून टक् असा एक चटका वाजवायचा. मग निकाल: "गोडं हाय," नाहीतर "खारं हाय." हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. मी तोंड फिरवलं. या घरात एक बाई वेडी आहे आणि ते लग्नाआधी आम्हाला कुणी सांगितलं नाही, असंच माझ्या मनात आलं.

त्यांचं नाव गोदाबाई. आमच्या ह्यांची सख्खी आत्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालं म्हणून भावाकडे परत आल्या आणि भाऊ गेल्यावर अमरावतीबाहेर भातकुलीच्या रस्त्यावरचा सगळा मळा त्यांनीच हाती घेतला. वांगी, कोथिंबीर, संत्र्याची थोडी झाडं आणि दसरा-दिवाळीला शेवंती. पाणी चाखायची खोड त्यांना मळ्यानंच लावलेली. आमच्याकडे अमरावतीजवळ विहिरींना गोडं पाणी, पण पश्चिमेला थोडं गेलं की खारपाण सुरू होतं. तिथलं पाणी रोपाला घातलं तर रोप मान टाकतं. म्हणून कुठल्याही विहिरीवर गेल्या की आत्याबाई आधी बोट बुडवायच्या, मग रामराम घालायच्या.

बैलगाडीनं अकोल्याला माल पोचेपर्यंत कोथिंबिरीचं तोंड काळं पडायचं, म्हणून मोटार घ्यायचं ठरलं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनाचा गोरा साहेब विलायतेला चालला होता आणि त्याची जुनी मोटार विकायची होती. ती बघायला आत्याबाईंनी ह्यांच्याबरोबर मलाही नेलं. "नवी सून घरात बसली का सुजते," असं त्यांचं म्हणणं.

मोटार अशी चकचकीत पुसून ठेवली होती की तिच्यात मला माझं कुंकू दिसलं. साहेबाचा कारकून तिचे गोडवे गात होता आणि आमचे हे भोंगा वाजवून बघण्यात दंग. आत्याबाई म्हणाल्या, "झाकन उघड."

"बाई, हात काळे होतील तुमचे," कारकून म्हणाला.

"काळेच हायेत, बाप्पा. उघड."

त्यांनी तेलाची सळई उपसली. तिच्यावरचं तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. जवसाचं तेल घाण्यावरून आणताना बायका बघतात तसं. जळका वास माझ्यापर्यंत आला. "जयकं हाय. पन तेल बदलता येते," म्हणाल्या आणि पाण्याच्या टाकीकडे वळल्या. पाणी पिवळसर होतं. कारकून घाईनं म्हणाला की जुन्या गाडीत गंज उतरतोच. तेव्हा आत्याबाईंनी बोट बुडवून चाखलं. कारकुनाचा आ वासला आणि मी पदर तोंडाला लावला.

"गंज तुरट लागते, भाऊ. हे हयद हाय. भाजीतली. कोनी टाकली?"

कारकुनाचा चेहरा उतरला. टाकीला चीर होती. ती बुजावी म्हणून साहेबाच्या डायवरनं आत मूठभर हळद टाकली होती; हळद फुगते आणि चिरेत जाऊन बसते. "अन् पानी खारं हाय," आत्याबाई पुढे म्हणाल्या, "म्हंजे गाडी दर्यापुराकडं फिरत होती. आतून खपली धरली असन." आता आपण हात हलवत परत जाणार, असं मी धरून चालले. आत्याबाईंनी मोटार घेतली! मी थक्क झाले, आणि हे तर मोठ्यांदा हसले. परतीच्या वाटेवर मी धीर करून विचारलं की खोट सापडल्यावर घेतली कशाला. त्या म्हणाल्या, "सापडली ते खोट बुजवता येते, पोरी. मले भेव वाटते ते न सापडलेलीचं."

टाकीच्या चिरेला कथलाचा डाग देऊन घेतला, आतली खपली खरवडून काढली, आणि त्या दिवसापासून मोटार आमच्या घरात बैलाच्या जागी आली. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आत्याबाईंचे तिच्यासाठीचे सगळे नियम बैलाचेच होते. आधी तिला पाणी, मग माणसांना. धापा टाकत आली तर लगेच पाणी दाखवायचं नाही, सावलीत उभी करून दम खाऊ द्यायचा. उन्हाळ्यात तेल पातळ होतं म्हणून रोज सळई बघायची. आणि खारं पाणी तिला कधीही पाजायचं नाही. एकदा त्या बॅटरीचंही पाणी चाखायला निघाल्या तेव्हा ह्यांनी झडप घालून त्यांचा हात धरला. तरी एक थेंब लुगड्यावर उडालाच आणि तिथे बघता बघता भोक पडलं. आत्याबाई त्या भोकाकडे बघत राहिल्या. "जे चाखता येत नाई, ते महादू, तूच पाहत जाय," म्हणाल्या. त्यानंतर बॅटरीसाठी पावसाचं पाणी बरणीत भरून ठेवायचं काम ह्यांच्याकडे आलं.

लोकलाजेचं त्यांना काही नव्हतं. घरचे जावई, माझ्या नणंदेचे यजमान, नवा फेटा बांधून मोटारीत बसले असताना आत्याबाईंनी त्यांना खाली उतरवलं, कारण तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं होतं, म्हणजे त्यात पाणी उतरलं होतं. जावई उन्हात, फेटा उन्हात, आणि आत्याबाई इंजिनात डोकं घालून बसलेल्या. मी दारामागे उभी राहून लाजेनं मेले. जावई फुगले ते पुढच्या संक्रांतीपर्यंत फुगलेलेच होते. मला आत्याबाईंचा राग यायचा आणि रागातच त्यांचा लळा लागत गेला, हे मला कळलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. माझं माहेर दर्यापूरकडचं, ऐन खारपाणातलं. आमच्याकडे प्यायचं पाणीही मचूळच. आम्हाला सवय असते. वैशाखात माझे दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि थांबायचं नाव घेईनात. दुसऱ्या दिवशी सुईणीनं हात टेकले. "पोर आडवं हाय. अमरावतीले न्या, नाईतर दोघंही जातीन," असं तिनं माझ्यासमोरच आईला सांगितलं. मी ते ऐकलं. आपल्या मरणाची गोष्ट दुसऱ्यानं इतक्या सरळ सांगावी, याचा धक्का मला कळांपेक्षाही मोठा बसला.

मळ्यावर निरोप गेला होताच. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मोटार दारात उभी राहिली. हे चालवत होते आणि शेजारी आत्याबाई. मला उचलून मागच्या बाजूला गादीवर निजवलं, आई उशाशी बसली. आता निघायचं, तर आत्याबाई उतरून इंजिनाचं झाकण उघडायला लागल्या.

आई किंचाळली, "माही पोर मरून राहिली अन् तुमी तेल काय पाहून राहिल्या वो?"

"तुमची पोर हाय म्हनूनच पाहून राहिली," आत्याबाई म्हणाल्या. हात थांबला नाही.

तेल पाहिलं. अमरावतीहून आणलेल्या पत्र्याच्या डब्यातून टाकी भरून घेतली. बाबांनी तोवर विहिरीच्या पाण्यानं भरलेली घागर आणून मोटारीशी ठेवली होती. रस्त्यात लागेल, म्हणाले. आत्याबाईंनी बोट बुडवलं. "खारं हाय. राहू द्या, दादा. डब्यात गोडं हाय, सुरईतबी हाय." बाबांनी घागर उचलून परत आत नेली. घागर आत जाताना मी बघितली होती, इतकं मला आठवतं.

त्या रस्त्यावर मैलोगणती सावली नाही. काळी जमीन भेगाळलेली, आणि वारा असा की तोंडावर चुलीतला जाळ यावा. मोटार चाकोऱ्यांत आदळत होती, प्रत्येक आदळ्याला मी ओरडत होते. अर्ध्या वाटेवर पुढून वाफ फुसफुसली आणि मोटार थांबली. हे धावत जाऊन टाकीचं झाकण धरणार, तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांच्या हातावर फटका मारला.

"भाजून घ्याचं हाय का? दम खाऊ दे तिले."

"आत्या, हिला काही झालं तर?"

"गरम लोखंडावर थंडं पानी टाकलं अन् इंजन फुटलं, तर काय खांद्यावर नेशीन?"

मग डबा काढला. आदळून आदळून त्याचा सांधा उसवला होता. आत थेंब नव्हता, खालचं गोणपाट नुसतं ओलं. डबा हातात धरून आत्याबाई उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याची घागर घ्याले पाह्यजे होती, महादू." बस, एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

उरली पिण्याच्या पाण्याची सुरई. ती त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि मला घोट घोट पाजलं. आईला एक घोट दिला, ह्यांना एक. आई म्हणाली, "आता तुमी घ्या." आत्याबाईंनी सुरई वर करून तोंडाला लावली, जिभेचा तो नेहमीचा चटका वाजवला, म्हणाल्या, "गोडं हाय," आणि सुरई खाली ठेवून तिच्या तोंडाला फडकं बांधलं. "राह्यलेलं मोटारीचं. कोनी हात लावाचा नाई."

मोटार निवेपर्यंत किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ज्या बाजूनं ऊन माझ्या अंगावर येत होतं, त्या बाजूला आत्याबाई घोंगडं दोन्ही हातांनी ताणून बाहेर उभ्या होत्या. हे म्हणाले, मी धरतो. त्या म्हणाल्या, "तुले मोटार चालवाची हाय. सावलीत बस. हात कापले नाई पाह्यजे तुहे." मधेमधे जाऊन टाकीवर तळहात टेकून बघायच्या आणि परत येऊन घोंगडं धरायच्या. शेवटी त्यांनी झाकण फिरवलं आणि सुरई हळूहळू टाकीत रिकामी केली. एक थेंब इकडे तिकडे सांडला नाही. मोटार सुरू झाली तेव्हा आई मोटारीलाच हात जोडून रडायला लागली.

अमरावतीला बायांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत मुलगी होती, काळीसावळी, रागीट चेहऱ्याची. मी हसले आणि म्हणाले, "आत्याबाईंना बोलवा, म्हणावं बघा तुमच्यासारखीच आहे." आई भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलगी झाल्याचं सांगायला हे बाहेर गेले होते. मोटार निंबाच्या सावलीत उभी होती आणि आत्याबाई पुढच्या बाकावर बसलेल्या, मान मागे टेकून. "आत्या, पोरगी झाली," असं ह्यांनी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. मग खांद्याला हात लावला, तर खांदा तव्यासारखा तापला होता. डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी ह्यांना विचारलं, "यांनी पाणी कधी घेतलं होतं?"

"आमच्याबरोबरच प्याल्या की वाटेत," हे म्हणाले.

"पाणी पोटात गेलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अंगात घामालासुद्धा पाणी उरलं नव्हतं."

हे मला ह्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती सुरई आली. वर केलेली सुरई, जिभेचा चटका आणि "गोडं हाय." त्या प्याल्याच नव्हत्या. त्यांनी चाखलं होतं. आम्ही तिघं समोर होतो. लग्न झाल्यापासून रोज बघत आलेली गोष्ट ती, ओळखायला काय अवघड होतं? आणि तिघांपैकी एकालाही ओळखता आली नाही. मी नुसती गार पडले, बाळ छातीशी असून गार पडले.

मी पुष्कळ दिवस रडले नाही. मला संताप येत होता. घागर नाकारली ही त्यांची चूक, मान्य. पण चूक झाली तर माणूस कपाळाला हात लावतो, दोन शिव्या खातो, पुढे चालायला लागतो. त्याचा दंड असा कुणाला न सांगता, जिभेचा चटका वाजवून, तिथल्या तिथे भरून टाकायचा का? मला विचारायचं तरी. एक घोट कमी पडल्यानं मोटार थांबली नसती. थांबली असती का? हा प्रश्न मी ह्यांना कितीदा तरी विचारला. दर वेळी ते उठून मोटारीची सळई बघायला जायचे.

सव्वा महिन्यानं त्याच मोटारीतून मी मुलीला घेऊन दवाखान्याजवळच्या नातलगांकडून मळ्यावर आले. निघताना ह्यांनी सवयीनं टाकीचं झाकण उघडलं आणि तिथेच थबकले. मी मुलीला आईकडे दिलं, पुढे झाले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ज्याची मला शिसारी यायची तेच केलं. "गोडं आहे," मी म्हणाले. मग तांब्या भरून ह्यांच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिले.

ती खोड माझी सुटली नाही. मुलगी मोठी झाली, तिला मुलं झाली, तरी घरात कुणी पाणी पीत असलं की मी हातातलं काम टाकून त्याचा गळा बघते, घोट उतरला की नाही ते. पाहुणे संकोचतात, त्यांचा हात तोंडाशी थांबतो. म्हातारीला वेड लागलंय, असं त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसतं. मी म्हणते, "तुम्ही प्या हो. नुसतं चाखू नका."