खाट अर्धी, झोप पूर्ण

सुरतेहून सापुताऱ्याला जाणाऱ्या एसटीत एक कामगार माझ्या आणि बायकोच्या शेजारी बसला होता. सुरतेतच उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला होता आणि कळवणला गावी निघाला होता. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे साधी चौकशीही ओरडून करायचा.

नव्वदच्या दशकात टाइमशेअरचं नवंच खूळ आलं होतं. सापुताऱ्याच्या हॉटेलातली एक खोली दरवर्षी आठवडाभर आमची, बाकीचे आठवडे दुसऱ्यांची. तो आठवडा वसूल करायला मी बघायच्या ठिकाणांची लांबलचक यादी केली होती. ती वाचूनच बायको दमली होती.

त्यानं विचारलं तेव्हा मी हे सगळं सांगितलं, तसा तो खदखदून हसला. “आमची खाटबी अशीच हाये, भाऊ! मी दिवसपाळीला गेलो की रातपाळीवाला तिच्यावर झोपतो. खाट अर्धी माझी, पण झोप मी पूर्ण घेतो. फिरत बसलो तर झोपू कधी?” मग पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, “उठताना चादर तेवढी झटकून ठेवतो. पुढचा दमून येतो ना.”

यादीच्या कागदात बायकोनं शेंगा बांधल्या. सातही दिवस आम्ही मनसोक्त लोळलो.

निघताना, खोली आवरायला माणूस येणार होता तरी, मी चादर उचलली. बायकोनं दुसरं टोक धरलं.