नळीतले दोन तांदूळ

इथल्या मराठी मंडळातल्या एका तरुण जोडप्याने दोन इंजिनांचं जुनं विमान घेतलं आणि ते दोघं पेढे घेऊन आमच्याकडे आले. "काका, काही टिप्स द्या ना." मी म्हटलं, विमान हँगरमध्ये झाकून ठेवू नका, उडवा, पडून राहिलं की ते रुसतं. एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव चांगल्या शिक्षकाबरोबर पुन्हा पुन्हा करा. आणि तेच मॉडेल वर्षानुवर्षं हाताळलेला मेकॅनिक शोधा. सापडला की त्याला जावयासारखा जपा. पण सगळ्यात मोठी गोष्ट मला बायकोमुळे कळली, तीही सांगितली.

आमचं विमानही दोन इंजिनांचं, मुलीच्या दुप्पट वयाचं. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या छोट्या विमानतळावर ते असतं. मी त्याच्या प्रेमात आंधळा, पण बायको आत पाय ठेवायला तयार नव्हती. ऑस्टिनला शिकणाऱ्या मुलीकडे ती एकटी गाडीने जायची. वर्षभर असंच चाललं आणि मला ते फार लागायचं. ती शेजारी बसणार नसेल तर हा खटाटोप केला कशाला?

शेवटी एकदा ती म्हणाली, "येते. पण आधी पूजा करायची. गाडीची नाही का करत आपण?"

शनिवारी सकाळी मी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं. मग तिने पूजा मांडली. नाकावर स्वस्तिक काढलं, दोन्ही इंजिनांना हळदकुंकू लावून अक्षता वाहिल्या, चाकापुढे नारळ फोडला. आमचा मेकॅनिक, टेक्सासचा म्हातारा, टोपी काढून उभा होता. त्याने खोबरं खाल्लं आणि करवंटीचे तुकडे स्वतः झाडून घेतले.

धावपट्टीवर दोन्ही इंजिनं एका सुरात चालली होती. विमान धावू लागलं, पण वेगाचा काटा शून्यावरच. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: काटा हलला नाही तर थांब, काय बिघडलं ते नंतर शोध. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, हलेल की आता. आज थांबलो तर ही पुन्हा कधी यायची नाही. मग दोन्ही इंजिनांचा जोर काढला, ब्रेक दाबले आणि परत फिरलो.

मी मनातल्या मनात सगळ्या बेतांना तिलांजली दिली.

मेकॅनिकने पंखाखालची बारीक नळी सोडवली. समोरची हवा तिच्यात शिरते तेव्हा काटा हलतो. तिच्या तोंडात ओलं कुंकू आणि दोन तांदूळ अडकले होते. "आतापर्यंत गांधीलमाश्या काढल्यात, तांदूळ पहिल्यांदाच," तो म्हणाला.

बायको ओशाळली. "सगळ्यांना लावलं, मग हिलाच का सोडायचं, असं वाटलं मला." पण चूक माझीच होती. तपासणी पूजेनंतर करायला हवी होती.

नळी साफ होऊन पुन्हा बसली. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"घरी कशाला? लेक वाट बघतेय," ती म्हणाली. "मला विमानाची भीती नव्हतीच रे. तुझी होती. सव्वीस वर्षांत रस्ता चुकलास तरी कधी यू-टर्न घेतला नाहीस. आज घेतलास."

मी तिला थांबवलं आणि विमानाभोवती पुन्हा एक फेरी मारली, प्रत्येक भोकात डोकावत. मगच आम्ही बसलो.

ऑस्टिन दिसायला लागलं तेव्हा ती शेजारी गाढ झोपली होती.