सतरा इंची चाकं आणि माझा होकार

टायरच्या कडेवर लिहिलेले आकडे वाचता येणारी आमच्या तांड्यातली मी बहुधा पहिलीच मुलगी असेन. याचा अभिमान बाळगावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी यवतमाळला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मोठा भाऊ, ज्याला आम्ही भिया म्हणतो, दहावीनंतर दिग्रसला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला लागला आणि आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तो ती उघडतो, जुन्या तारेची जाडी मोजतो आणि त्याच नंबरची नवी तार भरतो. गिऱ्हाईक कितीही म्हणालं, जरा जाड टाक, जास्त टिकेल, तरी तो ऐकत नाही.

अशा माणसानं गेल्या वर्षी एक लाल, छोटी, जुनी गाडी घेतली. मागे छोटासा पंख आणि डिक्कीवर चंदेरी अक्षरांत ‘स्पोर्ट’. तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर खड्डे आहेत. त्यात स्पोर्ट कुठे करायचा, हे त्याला कोणी विचारलं नाही. घेतली त्या दिवशीच त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की याडीला, म्हणजे आमच्या आईला, या गाडीत बसवून माझं कॉलेज दाखवायला नेणार. मी कुठे राहते, काय शिकते, हे तिनं तोवर पाहिलं नव्हतं.

पण त्याआधी त्याला चाकं बदलायची होती. त्याचा फोन आला.

“बाई, गाडीचे चाकं लेकराच्या सायकलीवानी दिसून राह्यले. मोठे टाकतो. तू साइज काढून ठेव.”

एरवी तो विचारायचा ते जेवली का, परीक्षा कधी, एवढंच. जे त्याला माहीत नाही आणि मला माहीत असेल असं काही त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी दोन दिवस वही घेऊन बसले.

टायरचं माप ही गमतीची गोष्ट आहे. भियाच्या गाडीवर १८५/६५ आर १५ होतं. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, पण तो रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आतल्या रिमचा, इंचांत. एका ओळीत तीन मापं, तिन्ही वेगळ्या घराण्यांतली, आणि तरी ती एकत्र नांदतात. रिम मोठी घेतली तर रबराची भिंत कमी करायची, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते, हा सगळा हिशेब. जुन्या चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आला. १९५/५५ आर १६ चा आला ६२०.९. एवढा जवळचा मेळ पाहून मी खोलीत एकटीच हसले. पानाखाली दोन रेघा ओढल्या आणि वही बॅगेत टाकली.

यवतमाळच्या टायरच्या दुकानात आम्ही दोघं पोचलो तेव्हा दुकानदारानं आधीच एक चाक काढून उभं केलं होतं. काळी चकचकीत रिम, सतरा इंची. टायर २१५/५०.

“पाहा दादा, गाडी कशी भरल्यावानी दिसते.”

भिया त्या रिमवरून हात फिरवत होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की वही उघडायची वेळ निघून गेली आहे.

“माही बहीण इंजिनिअर होऊन राह्यली,” तो म्हणाला. “तिले इचारा.”

“अरे वा! मग मॅडम, तुम्हीच सांगा. बसते ना?”

मला माहीत होतं. व्यास पंचवीस मिलिमीटरनं वाढत होता, रुंदी तीस मिलिमीटरनं. रिकाम्या गाडीत बसलं असतं. माणसं भरली, मागचा भाग दबला, की चाक वरच्या पत्र्याला लागणार. हे सगळं डोक्यात असताना मी मान डोलावली.

ही मान माझी जुनी सोबतीण आहे. पहिल्या वर्षी सर इंग्रजीत शिकवून “समजलं का?” विचारायचे, तेव्हा ती आपोआप हलायची. तिच्याच जोरावर मी दोन सेमिस्टर काढली होती.

गाडी खरंच सुंदर दिसत होती. भियानं मला हॉस्टेलपर्यंत सोडलं, दोघंच होतो, कुठे आवाज नाही. यवतमाळ जिल्ह्यापुरता भौतिकशास्त्राचा नियम शिथिल झाला असावा, असं मी मनाशी धरलं.

पंधरा दिवसांनी मी गावी गेले होते, तिथून तिघं निघालो. याडीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पुढे बसायला ती तयार नव्हती. “पुढं इंजिनिअर बसन,” म्हणाली आणि मागे डावीकडे बसली. याडी अंगानं भरलेली आहे. डिक्कीत माझ्यासाठी गहू आणि तुरीची डाळ होती.

पहिल्याच खड्ड्यात डावीकडून खर्रर्र आवाज आला.

“काय वाजलं रे?”

“काई नाही, गोटा असन.”

पुढच्या खड्ड्यातही गोटा होता. त्याच्या पुढच्यातही. याडी हळूच सरकून उजवीकडे बसली. आता आवाज उजवीकडून येऊ लागला. मग ती मधोमध बसली, तेव्हा दोन्हीकडून आला. दारव्ह्याला चहाला थांबलो तेव्हा ती खाली उतरली आणि भियाला म्हणाली, “आता मले सोडून त्या गतिरोधकावरून गाडी आणून दाखव.” त्यानं आणून दाखवली. आवाज नाही.

आम्ही प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान असं लिहितो. याडी शाळेत गेलेली नाही, पण तिच्या कृतीत आणि निरीक्षणात कोणत्याही सरांना चूक काढता आली नसती. अनुमान मात्र तिनं स्वतःवर घेतलं.

“माह्या वजनानं गाडी खराब होऊन राह्यली. मी एष्टीनं येते.”

“याडी, तुह्याचसाठी तं घेतली गाडी!”

“म्हणूनच म्हणते. नवे चाकं हायेत.”

मी पुढच्या सीटवर बसून समोरच्या टपरीवरची पाटी वाचत होते. पाटीवर तीन शब्द होते. मी ते बऱ्याच वेळा वाचले.

तर याडी यवतमाळच्या बसमध्ये चढली आणि आम्ही गाडीतून तिच्या मागे निघालो. भियानं एकदाही बसला ओव्हरटेक केलं नाही. फाट्यावर बस थांबली की आमची स्पोर्ट गाडी थांबायची, कंडक्टरनं घंटी मारली की निघायची. गाडी घेताना ज्या मेकॅनिकनं सस्पेन्शन चांगलं असल्याचं सांगितलं होतं, त्याला भिया वाटभर शिव्या देत होता. त्या माणसाचा काहीही दोष नव्हता.

कॉलेजात याडीनं सगळं पाहिलं. वर्कशॉपच्या दारात उभी राहून आतल्या कापलेल्या इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिली.

“इथं गाड्याचंच शिकवतात ना?”

“हो.”

“मंग तुले मालूम असन. किती वजनाचं माणूस चालते आपल्या गाडीत? खरं सांग. मी नाही बसणार, बस्स.”

ती रागावलेली नव्हती. मी जे सांगेन ते घेऊन ती घरी जाणार होती आणि आयुष्यभर तसंच वागणार होती. माझी मान या वेळी हलेना.

“याडी, पाच माणसं चालतात. तुह्यामुळं नाही, चाकं चुकले. मले दुकानातच मालूम होतं.”

नळावर पाणी पिणारा भिया वळला. “काय मालूम होतं?”

मी वही काढून ते पान त्याच्यापुढे धरलं. तारेचा नंबर बघावा तसं बोट ठेवून त्यानं एकेक आकडा वाचला.

“हे कधी लिहिलं?”

“दुकानात जायच्या आधी.”

“मंग मान काहून हालवली?”

“तू खूश होता.”

“म्हणून याडीले एष्टीत बसवलं मी! आपल्याजवळ गाडी असून!” त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तुले इतकं शिकवलं ते मान हालवाले नाही, बाई.”

“तिच्यावर वरडू नको,” याडी मध्ये पडली. “आधी हे सांगा, मी जाड नाही ना?”

“जाड हायेस,” मी म्हणाले, “पन गाडीले चालते.”

भियाला हसू आलं. ते त्याला नको होतं, म्हणून तो पुन्हा नळाकडे गेला.

तासाभरानं आम्ही तिघं दुकानात होतो. दुकानदार म्हणाला, “मॅडमनंच तं पास केलं होतं, दादा.”

“हो, मीच. चुकलं माझं. एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, सोळा टाका.” आवाज जरा जास्तच मोठा निघाला; हवा भरणाऱ्या माणसानं मागे वळून पाहिलं.

“सोळात लूक नाही येणार मॅडम.”

“नाही आला तरी चालेल.”

परतताना दारव्ह्यापर्यंत मी सोबत गेले. कुठेही आवाज आला नाही. याडी मागे दोन्ही हातांनी हँडल धरून बसली होती. चाकं बदलली हे तिला पटलं होतं, मी सांगितलेलं कारणही पटलं होतं. तरी गतिरोधक आला की ती श्वास रोखून सीटवरून थोडीशी वर उठायची आणि गाडी पार झाली की हळूच खाली टेकायची. या गोष्टीला आता सहा महिने झाले. ती अजूनही उठते. भिया आरशातून पाहतो. मी दर वेळी सांगते, याडी, बस, काही होत नाही. ती मान डोलावते.