एक कप म्हणजे किती

छापखान्यात त्यांना सगळे मात्रासाहेब म्हणायचे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातले काना-मात्रे तपासण्यात गेली होती. चुकलेली वेलांटी त्यांना भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध मात्र ताटापुरताच. घरी थोरली बहीण होती. चूल तिची, आणि मतंही तिचीच.

एके दिवशी प्रकाशकबाईंनी केकच्या पुस्तकाचं बाड त्यांच्या टेबलावर आणून टाकलं. सगळी मापं ग्रॅममध्ये.

“घरोघरी काटा कुठे असतो? याचे कप करून द्या,” बाई म्हणाल्या.

मात्रासाहेबांना शाळेतलं शास्त्र पक्कं आठवत होतं. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. कप दोनशे चाळीस मिलिलिटरचा. तेव्हा दोनशे चाळीस ग्रॅम मैदा म्हणजे एक कप. यात विचारायचं काय? दोन दिवसांत त्यांनी अख्खं पुस्तक हातावेगळं केलं. एकही वेलांटी चुकली नव्हती.

महिन्याभरात पत्रं येऊ लागली. ‘केक सुरीने कापायचा की डावाने वाढायचा?’ एका बाईंनी विचारलं होतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी ‘आम्ही केक पेल्यातून प्यायलो, चव छान होती’ असं कळवलं. त्या पत्रात व्याकरणाची एखादी चूक सापडली असती तर मात्रासाहेबांना जरा बरं वाटलं असतं. पण पत्र निर्दोष होतं.

शेवटी ते पत्रांचा गठ्ठा घेऊन ताईपुढे उभे राहिले. ताई हसता हसता खालीच बसली.

“अरे, मैदा म्हणजे काय पाणी आहे? कपभर मैदा कपभर पाण्याच्या जेमतेम निम्मा भरतो. तू सगळ्या गावाला अर्धाच मैदा घालायला लावलास!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतला टपाल तोलायचा काटा घरी आणला. मैद्याचा कप भरला, एकशे पंचावन्न ग्रॅम. पुन्हा भरला, एकशे तीस. चाळून भरला, एकशे दहा. मात्रासाहेबांना घाम फुटला. एका शब्दाची तीन रूपं त्यांनी जन्मात चालवून घेतली नव्हती.

“ताई, यातलं खरं कोणतं?”

“ज्याचा केक होतो ते. आणि आधी तो कप आपटणं थांबव.”

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी तक्ता आला. मैदा एकशे वीस, साखर दोनशे. खाली बारीक अक्षरात ‘मैदा चमच्याने अलगद भरावा, वरून सुरी फिरवावी, कप आपटू नये’. पुस्तकापेक्षा तक्त्याचंच नाव झालं. बाईंनी तो भिंतीवर लावायला वेगळा छापला. ज्यांना स्वतःचा चहा करता येत नव्हता, ते मात्रासाहेब आता लोकांना कोकोविषयी ठणकावून लिहू लागले.

एका रविवारी ताईने केक करायला घेतला. तक्ता समोरच टांगलेला होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता डब्यात हात घातला आणि सहा मुठी मैदा भांड्यात टाकला. ती अंडी आणायला वळताच मात्रासाहेबांनी भांडं काट्यावर ठेवलं. भांड्याचं वजन वजा जाता दोनशे एकेचाळीस. बरोबर दोन कप, वर एक ग्रॅम.

“काय रे, काय बघतोस?”

“काही नाही. काटा नीट चालतो का, ते पाहिलं.”

“मग? चालतो?”

“चालतो.”

तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी लोण्याचा आकडा तेवढा सुधारला. मुठीबद्दल अवाक्षर काढलं नाही.